एक खाण, एक गाव आणि उलटी न फिरलेली हवा: सेंगहेनिदची केस

साउथ वेल्समध्ये कार्डिफच्या उत्तरेला कार्फिली आहे, तिथला दगडी किल्ला बऱ्याच जणांनी फोटोत पाहिला असेल. कार्फिलीहून आबर खोऱ्यात वर वर जात राहिलं की आधी आबरट्रिडर लागतं आणि खोरं संपतं तिथं सेंगहेनिद. तीन बाजूंनी डोंगर, मधे एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांच्या लांबच लांब रांगा, बस. आज तिथं खाण नाही, चिमणी नाही, रेल्वेसुद्धा नाही. पण ब्रिटनच्या इतिहासातला सगळ्यात मोठा खाण अपघात याच गावात झाला, १४ ऑक्टोबर १९१३ ला, ४३९ खाणकामगार आणि त्यांना वाचवायला गेलेला एक जण, असे एकूण ४४० माणसं गेली.

या गावाबद्दल जे काही लिहिलं जातं ते बहुतेक या आकड्यापाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. मला वाटतं तसं केलं की गाव समजत नाही आणि अपघातही समजत नाही. कारण स्फोट कसा झाला यापेक्षा मोठा प्रश्न असा आहे की धोका आहे हे सगळ्यांना आधीपासून माहीत असताना, कागदावर लिहिलेलं असताना, कायदासुद्धा झालेला असताना काहीच का हललं नाही. आणि त्याचं उत्तर मला गावाच्या रचनेत दिसतं, म्हणून आधी गाव बघू.

१८९० पर्यंत इथं शेतं आणि मेंढ्या होत्या, विखुरलेली चार घरं. १८९१ मध्ये युनिव्हर्सल कोलिअरी या खाणीचे शाफ्ट (कोळशापर्यंत खाली जाणाऱ्या उभ्या विहिरी) खोदायला सुरुवात झाली, दोन शाफ्ट, एकाचं नाव लँकेस्टर, दुसऱ्याचं यॉर्क, दोन्ही जवळपास ६०० मीटर खोल. कोळसा हाती लागायला काही वर्षं गेली. १८९४ ला कार्फिलीहून रेल्वेचा फाटा आला, आणि मग गाव अक्षरशः काही वर्षांत उभं राहिलं. घरं, दुकानं, चॅपल, शाळा, दारूचे गुत्ते, सगळं त्या एका खाणीसाठी. माणसं सगळीकडून आली, वेल्सच्या उत्तरेकडच्या भागातून तर खूपच आली, तिकडची वेल्श बोलणारी मंडळी, घरातल्या एका खोलीत भाडेकरू ठेवायची पद्धत होती म्हणून एकेका घरात कुटुंबाशिवाय एखाद दोन पोरं राहायची, त्याच खाणीत जाणारी, बहुतेक वेळा त्याच शिफ्टला.

हे भाडेकरूंचं प्रकरण लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कोळसा होता वेल्श स्टीम कोल, म्हणजे धूर कमी आणि उष्णता जास्त, जहाजांच्या बॉयलरसाठी जगात याला तोड नव्हती, ब्रिटिश नौदल यावरच चालायचं. १९१३ हे वेल्सच्या कोळशाचं शिखराचं वर्ष, त्या एका वर्षात ५ कोटी ६८ लाख टन कोळसा निघाला. मागणी इतकी की खाण एक दिवस बंद ठेवणं म्हणजे मोठा तोटा. पण हाच कोळसा स्वभावाने धोकादायक होता, कारण थर गॅसी होते, मिथेन सुटायचा (खाणीत त्याला फायरडॅम्प म्हणतात), आणि खाण गरम आणि कोरडी असल्यामुळे धूळ फार व्हायची.

मालकाबद्दल थोडं सांगायला पाहिजे. विल्यम थॉमस लुईस, साउथ वेल्सच्या खाणमालकांमधलं सगळ्यात वजनदार नाव. खाणमालकांची संघटना उभी करण्यात तो पुढे होता, कोळशाच्या भावाप्रमाणे मजुरी वर-खाली करायची जी स्लायडिंग स्केल पद्धत होती त्यातही त्याचाच हात, आणि कामगारांसाठी मदत फंडही त्यानेच सुरू करायला लावला होता. म्हणजे एकरंगी माणूस नाही. १९११ ला त्याला लॉर्ड केलं तेव्हा त्याने जी पदवी घेतली ती होती बॅरन मर्थर ऑफ सेंगहेनिद. म्हणजे गावात काम त्याचं, खाण त्याची, आणि आता गावाचं नावही त्याच्या नावाला जोडलेलं.

आता १९०१ कडे या, कारण खरी केस इथून चालू होते.

२४ मे १९०१, पहाटे पाचच्या सुमाराला, रात्रपाळी वर येऊन संपत आली होती आणि दिवसपाळी अजून खाली उतरायची होती, तेवढ्या मधल्या वेळात स्फोट झाले. खाली ८२ जण होते, ८१ गेले. एकटा वाचला तो घोड्यांची देखभाल करणारा कामगार, मेलेल्या घोड्याशेजारी सापडला. तासभर उशिरा झालं असतं तर काय झालं असतं हे त्या दिवशी गावातल्या प्रत्येकाला कळलेलं असणार.

चौकशीचा रिपोर्ट खाण अभियंते विल्यम गॅलोवे यांनी लिहिला. हा माणूस महत्त्वाचा. १८७० च्या दशकापासून गॅलोवे सांगत होते की खाणीत नुसता गॅस मारत नाही, धूळ मारते. गॅसचा छोटासा भडका उडाला की त्याचा हवेचा झोत पुढच्या रस्त्यावरची बारीक धूळ उडवतो, ती हवेत तरंगते, मागून येणारी ज्वाळा ती पेटवते, त्याचा झोत आणखी पुढची धूळ उडवतो, आणि असं करत एका कोपऱ्यातली आग मैलभर लांबच्या माणसापर्यंत काही सेकंदांत पोचते. बरीच वर्षं त्यांचं कोणी ऐकलं नाही. १९०१ च्या रिपोर्टमध्ये त्यांनी हेच मांडलं, धूळ साचलेली होती, तिच्यावर पाणी मारायचं काम पुरेसं होत नव्हतं. पुढे १९०६ ला फ्रान्समध्ये कुरियेरच्या खाणीत धुळीच्याच स्फोटात १०९९ माणसं मेली, तेव्हा तर जगात कोणाला शंका घ्यायला जागाच उरली नाही.

मग १९१० च्या ऑक्टोबरमध्ये युनिव्हर्सलमध्ये छत कोसळून इतका गॅस सुटला की माणसं बाहेर काढावी लागली. त्या वेळी स्फोट झाला नाही.

आणि मग १९११ चा कोळसा खाण कायदा. यातलं एक कलम या केसच्या अगदी मधोमध आहे. खाणीत हवा खेळवायला मोठा पंखा असतो, एका शाफ्टमधून हवा आत जाते, सगळ्या कामाच्या जागांवरून फिरून दुसऱ्या शाफ्टमधून बाहेर येते. आता समजा हवा आत जायच्या रस्त्यावरच आग लागली, तर तोच पंखा धूर आणि विषारी वायू उचलून थेट आत अडकलेल्या माणसांच्या अंगावर नेतो. म्हणून कायद्याने सांगितलं की हवेची दिशा उलटी करता आली पाहिजे, आणि ही सोय १ जानेवारी १९१३ पर्यंत व्हायला हवी. सेंगहेनिदमध्ये अडचणी आहेत म्हणून मुदत सप्टेंबर १९१३ पर्यंत वाढवून दिली गेली. सप्टेंबर आला, गेला, काम झालं नव्हतं. खाण चालूच राहिली.

इथं थांबून विचार करा की हे कोणाला माहीत होतं. मॅनेजरला माहीत होतं, मालकाला माहीत असायला हवं, इन्स्पेक्टरला माहीत होतं. आणि कामगारांना? धूळ तर ते रोज पायाने तुडवत होते, गॅस किती आहे याच्या गप्पा तर गावात रोजच्याच. पण माहीत असून काय करणार. गावात दुसरं काम नाही. एकही नाही. खाण सोडायची तर घर सोडायचं, चॅपल सोडायचं, उधारी देणारा दुकानदार सोडायचा आणि दुसऱ्या खोऱ्यात जाऊन दुसऱ्या खाणीत उतरायचं, जिथला गॅस कदाचित असाच. ज्या गावात एकच मालक आणि एकच धंदा असतो तिथं धोक्याची सूचना मिळूनही तिचा उपयोग करता येत नाही, मला या केसमधला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो, आणि अपघातांच्या रिपोर्टमध्ये तो कधीच येत नाही कारण रिपोर्ट पंख्याबद्दल असतात.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. पहाटे फायरमन (खाणीत हे लोक आग विझवणारे नसतात, गॅस तपासणारे असतात) आपापल्या भागात फिरून आले. सेफ्टी लॅम्पची वात बारीक करायची आणि ज्योतीवर निळसर टोपी दिसते का बघायचं, ती जितकी उंच तितका गॅस जास्त, अशी ही तपासणी. सहाला शिफ्ट सुरू झाली, साडेनऊशेच्या आसपास माणसं खाली. आठ वाजून गेल्यावर पश्चिमेकडच्या भागात स्फोट झाला. झोत लँकेस्टर शाफ्टमधून वर आला आणि माणसांना खाली-वर नेणारा पिंजराच वर उडवला, शाफ्टच्या तोंडाशी उभा असलेला माणूस जागीच गेला.

सुरुवात नक्की कशाने झाली हे चौकशीतही पक्कं ठरलं नाही, छत कोसळून गॅस सुटला आणि सिग्नलच्या विजेच्या घंटेची ठिणगी पडली असावी ही शक्यता सगळ्यात जास्त धरली जाते. त्यानंतर जे झालं ते मात्र गॅलोवे सांगत होते तसंच, धूळ. आणि धुळीच्या स्फोटानंतर मागे राहते ती हवा ज्याला आफ्टरडॅम्प म्हणतात, तिच्यात कार्बन मोनॉक्साइड, ज्वाळेपासून लांब असलेली माणसंही त्याने गेली.

पूर्वेकडचा भाग वाचला, तिथली माणसं यॉर्क शाफ्टने वर काढली. मॅनेजर एडवर्ड शॉ लगेच स्वतः खाली उतरला, हे सांगायला हवं, जिवाची पर्वा केली नाही त्याने, आग लागलेल्या बाजूला जायचा प्रयत्न केला, लोकांना बाहेर काढलं. पण तो खाली असल्यामुळे बाहेरून रेस्क्यू टीम बोलवायला उशीर झाला आणि पहिला तास, जो सगळ्यात मोलाचा, तो गेला. एका माणसावर सगळं अवलंबून असलं की असंच होतं. आग होती हवा आत जायच्या रस्त्यावर. विझवायला पाण्याची सोय अपुरी. आणि हवा उलटी करायची सोय नाही.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. हवा उलटी केली असती तर सगळे वाचले असते असं कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. दिशा बदलली तर आतला गॅस उलटा आगीवर येऊन दुसरा स्फोट होऊ शकतो, जिवंत माणसं नक्की कुठं आहेत हे माहीत नसताना तो निर्णय घेणं फार अवघड. पण निर्णय घ्यायला पर्याय तरी हातात पाहिजे ना. शॉच्या हातात तो नव्हता.

रात्री उशिरा आत १८ जण जिवंत सापडले. त्यामुळे वर जमलेल्या गर्दीला आशा वाटली, की आणखी असतील. त्यानंतर कोणीही जिवंत निघालं नाही.

गावात काय झालं असेल ते आकड्यांतून थोडंफार दिसतं. २०५ बायका विधवा झाल्या, ५४२ पोरांचे वडील गेले. मेलेल्यांत ६० जण विशीच्या आतले, त्यातले आठ जण फक्त १४ वर्षांचे. बारा घरांतनं बाप आणि मुलगा दोघंही गेले, दहा घरांतनं दोन-दोन मुलं. एका घरात बाप आणि भाऊ गेल्यावर १८ वर्षांच्या मुलीवर सहा भावंडं वाढवायची वेळ आली. आणि एक बाई अशी की तिचा नवरा १९०१ च्या स्फोटात गेलेला, आता १९१३ ला तिची दोन मुलं, भाऊ आणि घरात ठेवलेला भाडेकरू, असे चौघं गेले. नवरा गेल्यावर घर चालवायला भाडेकरू ठेवावा लागणार, मुलं मोठी झाली की त्यांना त्याच खाणीत पाठवावं लागणार, दुसरं काय होतं त्या गावात करण्यासारखं. त्या एका घरात मला अख्खं सेंगहेनिद दिसतं.

दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, लंडनमध्ये राजघराण्यातल्या प्रिन्स आर्थर ऑफ कॉनॉटचं लग्न होतं, ते ठरल्याप्रमाणे झालं, नंतर लग्नात आलेल्या भेटींचं प्रदर्शन तिकीट लावून ठेवलं आणि ते पैसे मदतीला दिले. मदत देशभरातून आली. मृतदेह मिळायला आणि ओळखायला आठवडे लागले, डोंगरावरच्या एग्लविसिलानच्या चर्चच्या आवारात १९०१ च्या थडग्यांच्या जोडीला नवी थडगी आली, उत्तरेकडच्या पोरांचे मृतदेह रेल्वेने त्यांच्या गावी गेले.

आणि नोव्हेंबर संपता संपता खाण पुन्हा सुरू झाली. त्याच गावातली माणसं पुन्हा त्याच पिंजऱ्यातनं खाली गेली. बाहेरच्या लोकांना हे धाडस वाटतं, वेल्श खाणकामगारांची जिद्द वगैरे लिहिलं जातं. होतीच जिद्द. पण त्याआधी घरभाडं होतं.

चौकशी जानेवारी १९१४ मध्ये कार्डिफला सुरू झाली. अध्यक्ष रिचर्ड रेडमेन, खाणींचे मुख्य इन्स्पेक्टर, सोबत खाणमालकांच्या बाजूने एक आणि कामगारांच्या बाजूने रॉबर्ट स्मायली. त्यानंतर खटला चालला. शॉवर १७ आरोप, कंपनीवर ४. शॉला नोंदी नीट न ठेवणं अशा गोष्टींसाठी एकूण २४ पौंड दंड झाला. कंपनी आधी सुटली, सरकारी बाजूने अपील केल्यावर हवा उलटी करायची सोय न केल्याबद्दल दोषी ठरली, दंड १० पौंड आणि वर कोर्टाचा खर्च.

वर्तमानपत्रांनी तेव्हा हिशेब मांडला की शॉचा दंड मेलेल्या माणसांत वाटला तर माणशी १ शिलिंग १ पेनीच्या आसपास पडतो. हा हिशेब आजही प्रत्येक ठिकाणी येतो. तो चूक नाही, पण त्याच्यामुळे एक गैरसमज होतो की कुटुंबांना एवढेच मिळाले. दंड वेगळा आणि नुकसानभरपाई वेगळी. १९०६ च्या कामगार भरपाई कायद्याप्रमाणे मृत कामगारावर अवलंबून असलेल्यांना जास्तीत जास्त ३०० पौंड मिळू शकायचे. मला विचाराल तर शिलिंगपेक्षा त्या १० पौंडांकडे जास्त बघायला हवं. कायद्याने सांगितलेली सोय, मुदतवाढ देऊनही केली नाही, त्याची किंमत १० पौंड. एवढ्या मोठ्या खाणीच्या मालकाला कायदा पाळणं महाग आणि मोडणं स्वस्त पडत असेल तर तो काय करेल हे वेगळं सांगायला नको.

लॉर्ड मर्थर, म्हणजे खाणमालक लुईस, ऑगस्ट १९१४ मध्ये वारला, त्याच महिन्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं, नौदलाला कोळसा हवा होता आणि सेंगहेनिद बातम्यांतून गेलं. युद्धानंतर जहाजं तेलावर जायला लागली, बाजार पडला, १९२६ ला खाणकामगारांचा सात महिन्यांचा संप-टाळेबंदी झाली, आणि मार्च १९२८ मध्ये युनिव्हर्सल बंद पडली. म्हणजे शाफ्ट खोदायला लागल्यापासून बंद पडेपर्यंत ४० वर्षंसुद्धा पुरी नाहीत. ज्या खाणीसाठी गाव वसलं ती गावातल्या म्हाताऱ्यांच्या हयातीतच आली आणि गेलीसुद्धा.

यानंतरचं गाव लोक फारसं बघत नाहीत, पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. खाण गेली तरी गाव उठलं नाही. माणसं खोऱ्यात खाली आबरट्रिडरच्या विंडसर कोलिअरीत जायला लागली, युनिव्हर्सलचे शाफ्ट काही काळ त्या खाणीच्या हवेसाठी वापरात राहिले. १९६४ ला प्रवासी रेल्वे बंद झाली. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या मोठ्या संपानंतर, १९८६ ला, विंडसरही बंद. आता लोक कामाला कार्फिली, कार्डिफकडे जातात. रांगेतली घरं तीच आहेत.

स्मारकाच्या बाबतीत एक गोष्ट चांगली झाली. आधी १९८१ मध्ये जुन्या खाणीजवळच्या प्राथमिक शाळेसमोर शाफ्टवरच्या चाकाच्या सांगाड्याच्या रूपात स्मारक उभं केलं होतं. शंभर वर्षं झाली तेव्हा, १४ ऑक्टोबर २०१३ ला, तिथं अख्ख्या वेल्सचं राष्ट्रीय खाण स्मारक झालं, ब्राँझमध्ये जखमी कामगाराला आधार देणारा रेस्क्यूवाला, भोवती भिंतीवर १९०१ आणि १९१३ च्या प्रत्येक मृताचं नाव असलेली टाइल, आणि वेल्समधल्या इतर खाण अपघातांची आठवण ठेवणारी पायवाट. म्हणजे गावाने आपलं दुःख एकट्याचं ठेवलं नाही, सगळ्या खोऱ्यांना जागा दिली. गावात आबर व्हॅली हेरिटेज म्युझियमही आहे, छोटं, आणि खोऱ्यातली पुरुषांची गाण्याची मंडळी, आबर व्हॅली मेल व्हॉइस कॉयर, खाणी गेल्या तरी अजून गाते.

ज्यांना खाण सुरक्षा, कामगार कायदा किंवा एकाच कारखान्यावर जगणारी गावं यात रस आहे त्यांनी ही केस जरूर वाचावी, फक्त वाचायला १९१३ पासून सुरुवात करू नका. आधी १९०१ चा स्फोट आणि त्यावरचा गॅलोवे यांचा रिपोर्ट वाचा, मग १९११ च्या कायद्यातलं ते कलम, मग मुदतवाढ, आणि त्यानंतरच १४ ऑक्टोबर. या क्रमाने वाचलं की पानोपानी एकच प्रश्न पडत जातो, इथं या पायरीला खाण थांबवणं कोणाच्या हातात होतं, आणि ज्यांच्या हातात होतं त्यांच्यातला कोण रोज सकाळी त्या पिंजऱ्यात उभा राहत होता.